हात सैल सोड

हुरमतचाचीचे डोळे बांधून तिच्यासमोर आमच्या आळीतली कुठलीही बाई बसवली असती, तरी तिनं नुसता हात दाबून नाव सांगितलं असतं. मी पदरचं घालून सांगत नाही. एकदा संक्रांतीच्या आधी संध्याकाळी तिच्या दुकानातली लाइट गेली. आत बायकांची गर्दी, सगळ्यांचा एकच गलका. चाचीनं अंधारात पुढं आलेला हात धरला, अंगठ्याखालचा भाग दोनदा दाबला आणि विचारलं, "सुमन, तू परवाच भरून गेलीस की. इतक्यात वाढवल्यास व्हय?" सुमनच होती ती. म्हशीनं दाव्याला हिसका दिला होता आणि बिचारीच्या हातातल्या चार बांगड्या गेल्या होत्या.

मी केजच्या शाळेत शिकवायचे. सगळी हयात मुलांची नावं पाठ करण्यात गेली, तरी निवृत्तीनंतर रस्त्यात भेटलेला माजी विद्यार्थी "ओळखलं का बाई" म्हणाला की माझी त्रेधा उडते. चाची कधी शाळेत गेली नव्हती, आणि तिची माझ्यासारखी फजितीही कधी झाली नाही. पण याचं फार कौतुक करू नये, कारण हातांशिवाय तिला दुसरं काही लक्षात राहत नसे. स्वतःच्या लेकाचं, सलीमचं, लग्न कोणत्या साली झालं हे ती सुनेला विचारायची. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून विसरण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

घराणं मणेरांचं, म्हणजे बांगड्या विकणाऱ्यांचं. तहसीलकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका खोलीचं दुकान आणि त्याच्या मागंच घर. दुकानात लाकडी बैठक, तिच्यावर मांडी घालून चाची. उंच, हाडकुळी, नाकावर चष्मा आणि चष्म्याला मागून काळा दोरा. घरात दखनी बोलायची, आमच्याशी आमच्यासारखं. सगळ्या गावाची ती चाची होती. तिच्याहून थोरल्या म्हाताऱ्याही तिला चाचीच म्हणायच्या आणि ती त्यांना बिनदिक्कत "पोरी" म्हणायची. मला मात्र "बाई".

तिचे काही नियम होते. शकुनाला उजवा हात आधी. घाईची बाई असो, रडणारी पोर असो, डावा हात पुढं केला की ती त्यावर टिचकी मारून मागं सारायची. बांगडी "फुटली" म्हणायचं नाही, "वाढली" म्हणायचं. आम्ही सगळेच तसं म्हणतो, पण चाचीसमोर जीभ घसरली तर ती हातातलं काम टाकून आधी शब्द दुरुस्त करून घ्यायची. मी वर्गात शुद्धलेखनाला एवढी कडक नव्हते. बांगड्या भरून झाल्या की शेवटची एक तिच्याकडून आणि मग भरणारीनं तिच्या पाया पडायचं. कुणी परगावची नवी सून पाया पडायला बिचकली तर चाची तिची अडचण आपणहून सोडवायची. म्हणायची, "माझ्या न्हाई गं, काचंच्या पाया पड."

आणि सगळ्यात मोठा नियम, जो दिवसभर दुकानातून ऐकू यायचा: "हात सैल सोड." पोरी घाबरायच्या, मूठ वळायच्या, खांदे कानापर्यंत न्यायच्या. चाची त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन पीठ तिंबावं तसा दाबत राहायची. "भ्यालेला हात घट्ट व्हतो. घट्ट हातात काच जात न्हाई. सैल सोड, मी हाय न्हवं." बोलता बोलता बांगडी मनगटात गेलेली असायची आणि पोरगी अजून डोळे मिटून बसलेली.

दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या बायका तिच्याकडं यायच्या. त्यांना ती नक्षीची बांगडी दाखवायचीच नाही, साधी जाड काच काढायची. कोयत्यानं राठ झालेले ते हात ती जरा जास्त वेळ दाबायची. अशाच एका पोरीचा हात दाबता दाबता ती थांबली आणि हळूच विचारलं, "सुजलाय हात. सासूला सांगितलंस का?" दिवस गेल्याची पोरीला स्वतःलाच अजून खात्री नव्हती. चाचीनं सासूला बोलावून घेतलं आणि भर दुकानात, दहा बायकांच्या देखत, ह्या पोरीच्या डोक्यावर मोळी द्यायची नाही असं बजावलं. सासू भडकली. चाचीला त्याचं काही नव्हतं, ती पुढचा हात दाबू लागली होती.

तिच्या स्वतःच्या हातात काच नव्हती. नवरा गेल्यापासून दोन्ही मनगटं मोकळी. रंगीत बांगड्यांच्या ढिगात ते दोन उघडे हात सारखे हलत असायचे आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की कुणाच्या डोळ्यावर येत नसे.

माझे यजमान गेले तेव्हाची एक गोष्ट सांगते आणि मग माझं आवरतं घेते. महिनाभरानं मी शाळेत जायला लागले तेव्हा दुकानासमोरून जाताना मी रस्त्याची दुसरी कड धरायचे. एकदा चाचीनं हाक मारलीच. मी आत गेले, उभी राहिले. तिनं मला बसवलं, माझा उजवा हात घेतला आणि नेहमीसारखा दाबू लागली. मला काही कळेना. मी म्हटलं, चाची, आता मला काय भरायचंय? ती म्हणाली, "भरायचं न्हाई म्हनून काय झालं? हात तर माझ्या वळखीचा हाय." मग डावा दाबला, दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवून दिले आणि जा म्हणाली. त्या महिन्याभरात मला भेटायला आलेल्यांपैकी कुणीही माझ्या हाताला हात लावला नव्हता. त्यानंतर वर्षातून दोनतीनदा मी नुसती हात दाबून घ्यायला जायचे.

तिला झटका आला तो बाजाराचा दिवस होता. मी तिथंच होते. एका बाईच्या हातात ती बांगड्या भरत होती आणि तोंडानं कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी चालली होती. तिच्या डाव्या बाजूला ठेवलेली बांगड्यांची परात तिच्याच कोपरानं सरकली आणि खाली फरशीवर गेली. एवढा मोठा आवाज झाला, रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. चाचीनं मान वळवली नाही. बोलणं चालूच. सून शबाना आतून धावत आली आणि ओरडली, "अम्मी, सगळ्या फुटल्या!"

"फुटल्या म्हनू न्हाई," चाची म्हणाली. "वाढल्या म्हन."

जीभ जड झाली होती आणि तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. शबाना काचेकडं बोट दाखवत होती, आणि चाची उजवीकडच्या भिंतीकडं बघून विचारत होती, कुठं, कुठं वाढल्या. मला काय झालं न्हाई, असं जीपमध्ये घालेपर्यंत म्हणत राहिली. सलीमनं तिला बीडला नेलं.

लकवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतं ते लुळं अंग आणि गेलेली वाचा. चाचीची वाचा चार दिवसांत परत आली. डाव्या पायात ताकद आली, हातातही थोडीफार आली. भेटायला गेलेले लोक परत येऊन सांगायचे, चाची ठणठणीत आहे, नेहमीसारखी तोंडाळ आहे. मीही तेच ऐकून गेले. ती खाटेवर उजवीकडं तोंड करून पडली होती. मी डावीकडून जाऊन उभी राहिले, हाक मारली, तर ती समोरच्या भिंतीत मला शोधत राहिली. शबानानं मला पलीकडं यायची खूण केली. तिकडं गेल्याबरोबर चाचीचा चेहरा फुलला, "कवा आलात, बाई?"

थोड्या वेळानं तिचा उजवा हात पांघरुणावर चाचपडत गेला आणि तिच्या स्वतःच्या डाव्या हाताला लागला. तिनं तो धरला. दाबला. मग कपाळाला आठ्या घालून शबानाला म्हणाली, "ह्या बाईला उठव. माझ्या खाटंवर काहून झोपलीय?" शबाना रडायला लागली. चाची तिकडं न बघता त्या हाताला दाबतच राहिली. म्हणाली, "सव्वादोनच्या मापाचा हात हाय. लई राबलेला." आणि मनगटापर्यंत बोटं फिरवून आवाज खाली आणून मला म्हणाली, "काच न्हाई हातात. नवरा गेलाय बिचारीचा."

दवाखान्यात एक थेरपीवाल्या मॅडम होत्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. डोळे शाबूत आहेत, पण डावीकडचं जे दिसतं त्याची मेंदू दखलच घेत नाही. मला ते माझ्या पद्धतीनं कळलं. वर्गात हजेरी घेताना एका अख्ख्या रांगेची नावं पुकारलीच नाहीत, तर ती मुलं बसलेली असूनही गैरहजर. चाचीच्या हजेरीतून डावी रांग गेली होती. त्याहून वाईट म्हणजे, रांग गेली हेच तिला माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, व्यायामानं पुष्कळ परत आणता येतं, मेंदू पुन्हा शिकतो, पण आधी आपलं काहीतरी सुटतंय हे पेशंटला पटावं लागतं. मग त्यांनी चाचीलाच विचारलं की तुम्हाला बरं होऊन काय करायचंय. चाची म्हणाली, मला काय झालंच न्हाई. मग म्हणाली, "शुभीचा चुडा भरायचाय."

शुभी म्हणजे शुभांगी, माझ्या शेजारीच राहणाऱ्या भावाची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, नवरी होऊन केजला आली तेव्हापासून तिच्या हातातली प्रत्येक बांगडी चाचीनं भरलेली. लग्नाच्या आदल्या दिवशीचा हिरवा चुडा आपल्याच हातचा, हे चाचीनं शुभी पाळण्यात असतानाच सांगून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, छान, आपण त्यासाठीच तयारी करू.

ती तयारी मी रोज बघितली, कारण शबानाला घरकाम आणि दुकान सांभाळून वेळ होत नसे आणि मला वेळच वेळ होता. आठवड्यातून एकदा एसटीनं बीडला, एरवी मोबाईलवर व्हिडिओ कॉल. पहिल्यांदा कागदावरचे व्यायाम होते. पानभर फुलं छापलेली, सगळ्या फुलांवर फुली मारायची. चाची उजव्या अर्ध्या पानावर नेटक्या फुल्या मारायची आणि पेन्सिल खाली ठेवायची. संपली, म्हणायची. मी पान डावीकडं बोट ठेवून दाखवायचे. ती म्हणायची, ही तुम्ही आता काढलीत. मग मॅडमनीच कागद बाजूला ठेवले आणि परातीत बांगड्या पसरायला सांगितल्या. लाल तेवढ्या वेचायच्या. चाची उजवीकडच्या लाल अचूक वेचायची, एक चुकायची नाही. मी परात फिरवली की डोळे मोठे करून शबानाकडं बघायची, "तू लपवून ठिवल्या व्हत्या." सून तिच्यापासून बांगड्या लपवते असा तिचा ठाम समज झाला. शबाना ऐकून घ्यायची. मी असते तर दोन शब्द सुनावले असते.

जेवणाचंही तसंच. ताटातली उजवीकडची भाजी संपली की चाची हात आखडून बसायची. शबाना गुपचूप ताट फिरवायची आणि चाचीला पुन्हा भाजी दिसायची. "तुझ्या हाताला लई बरकत हाय," असं ती सुनेला म्हणायची. सासूनं केलेलं एवढं एकच कौतुक, तेही असल्या कारणानं. शबानानं मला हे हसून सांगितलं.

मॅडमनी एक युक्ती दिली. बैठकीच्या डाव्या कडेला लाल कापडाची पट्टी बांधायची. काहीही करण्याआधी चाचीनं लाल दिसेपर्यंत मान वळवायची, लाल दिसलं की तिथून सुरुवात करून उजवीकडं यायचं. जेवताना ताटाच्या डाव्या कडेला लाल, कागदाच्या डाव्या कडेला लाल. आम्ही दिवसभर एकच घोकायचो, "चाची, लाल कुठंय?" ती वैतागायची. "तुमच्या लालनं डोकं उठलं माझं." पण मान वळायला लागली. उन्हाळा लागेपर्यंत परातीतल्या जवळजवळ सगळ्या बांगड्या ती वेचायला लागली. आपलं काही सुटत होतं, हे मात्र तिला तेव्हाही मान्य नव्हतं. आम्ही उगाच खेळ लावलाय आणि बाईंना करमत नाही म्हणून त्या येतात, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

चुड्याला चाचीला बसवायचं की नाही यावरून दोन्ही घरांत कुरबुर झाली. सलीम म्हणाला, अम्मीला जमायचं न्हाई, चार लोकांत नाचक्की होईल. त्याचं असंही म्हणणं होतं की काचेचा धंदा आता राहिलेला नाही, दुकानात मोबाईलची कव्हरं ठेवावीत. चुडा नीट झाला तर दुकान तसंच ठेवू, एवढं शबानानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. वहिनीच्या मनात दुसरा कासार बोलवायचा होता. शुभीनं ऐकलं नाही. पुण्याला नोकरी करणारी मुलगी, एरवी या असल्या गोष्टींना हसणारी, पण ती म्हणाली की चाची नसेल तर मी हात मोकळे ठेवून बोहल्यावर चढेन. मग विषय संपला.

आम्ही आठवडाभर सराव केला. माझ्या हातावर. विधवेच्या हातावर हिरवा चुडा भरायचा आणि काढायचा, हे कुणी बघितलं असतं तर केजमध्ये चर्चेला विषय झाला असता. चाची लाल पट्टी बघायची, मान वळवायची, माझा उजवा हात घ्यायची, भरायची, मग डावा. एकदाही चुकली नाही. मॅडमनी कॉलवर टाळ्या वाजवल्या.

चुड्याचा कार्यक्रम भावाच्या अंगणात होता. टेंटवाल्यानं मांडव घातला होता आणि चारी बाजूंनी कनात बांधली होती. लाल कनात. शबानानं न विसरता लाल पट्टी आणली होती आणि चाचीच्या डावीकडच्या कनातीच्या बांबूला बांधलीही होती. आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. चाचीला समोर लाल दिसलं, बाजूला लाल दिसलं, जिकडं नजर जाईल तिकडं लाल होतं. आम्हीच तिला शिकवलं होतं की लाल दिसलं की सुरुवात करायची.

तिनं शुभीचा डावा हात घेतला.

मी मागं बसले होते, अशा कार्यक्रमात आमच्यासारख्यांनी मागंच बसायचं असतं. कुणीतरी कुजबुजलं, उजवा आधी ना? पण चाचीचा हात फिरायला लागला होता आणि तो इतका सुरेख फिरत होता की सगळ्या बायका बघत राहिल्या. शबाना शुभीचं मनगट धरून मदत करत होती. "सैल सोड गं शुभे, हात सैल सोड," चाची म्हणत होती. हिरव्या बांगड्या एकामागोमाग एक गेल्या. शेवटची एक तिच्याकडून. समोरासमोर बसल्यावर शुभीचा उजवा हात चाचीच्या डाव्या बाजूला येत होता. तो मांडीवर तसाच उघडा होता.

चाचीनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "झालं. पाया पड."

वहिनीच्या तोंडावर हात गेला. एक मावशी उठून काही बोलणार होती, तेवढ्यात शुभीनं डोळ्यांनी तिला गप्प केलं. शुभी सावकाश उठली, चाचीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, पदर पुढं ओढला आणि उजवा हात चाचीसमोर धरला. म्हणाली, "चाची, अजून एक जण हाय."

चाची हसली. अजून एक म्हटल्यावर तिला बरंच वाटलं असणार. तिनं तो हात घेतला आणि अंगठ्याखाली दाबला. पुन्हा दाबला. तिची बोटं थांबली. आमच्या सगळ्यांच्या व्यायामांनी, फुलांच्या कागदांनी, मोबाईलवरच्या मॅडमनी तिला जे पटवता आलं नव्हतं, ते त्या हातानं तिला एका क्षणात सांगितलं.

"ह्याची जोडी म्या आत्ताच भरलीय," ती म्हणाली.

मग तिनं स्वतःची मान डावीकडं वळवली, वळवत वळवत मघाशी शुभी बसली होती तिथपर्यंत नेली, आणि त्या रिकाम्या पाटाकडं बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते मला पुन्हा पाहायचं नाही. तिनं शुभीचा उजवा हात भरला. नीट भरला. पण एकदाही सैल सोड म्हणाली नाही. शुभी पाया पडायला वाकली तेव्हा चाचीनं पाय आत ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती आपणहून बोलली. "मॅडम, माझी डावी बाजू गेलीय." मॅडमचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या की हीच सगळ्यात मोठी सुधारणा आहे, आपण इतके महिने याचीच वाट बघत होतो, आता सगळं भराभर होईल. त्यांचं खरंच होतं. त्या पोरीनं मनापासून काम केलं होतं आणि तिच्या शास्त्राप्रमाणं ते यशच होतं. चाचीनं ऐकून घेतलं आणि फोन शबानाच्या हातात दिला.

भराभर झालंही. ती ताट पुरतं संपवायला लागली. कागदावरचं एक फूल सुटेना. शबानावर लपवाछपवीचा आळ घेणं बंद झालं, उलट एकदा तिचा हात धरून माफ कर म्हणाली. दुकानात बसायचं मात्र तिनं बंद केलं. मी खूप समजावलं. एवढं सगळं दिसायला लागलं, आता बसायला काय झालं, असं मी जरा चिडूनच बोलले. तेव्हा ती म्हणाली, "आदी दिसत नव्हतं तवा भ्या नव्हतं, बाई. आता दिसतंय तर समदीकडं काय सुटलं तेच हुडकत बसती." तिचा हात मी हातात घेतला तर तो घट्ट होता. पोरी घाबरल्यावर करायच्या तसा.

सलीमनं दिवाळीत बांगड्यांच्या फळ्या उतरवल्या. वाईट मुलगा नाही तो. आईसाठी एक पेटीभर बांगड्या घरात ठेवल्या, बाकीच्या अंबाजोगाईच्या एका व्यापाऱ्याला दिल्या. दुकानात मोबाईलची कव्हरं लटकली. नारायणगडाच्या यात्रेत चाची दरवर्षी पाल टाकून बसायची, त्या वर्षी तिथून परतलेल्या बायका सांगत होत्या की तिच्या जागेवर कुणीतरी चष्मे विकत होतं.

थंडीत दुसरा झटका आला. यावेळी वाचाही गेली-आली करत राहिली, माणसांची ओळख पुसट झाली आणि डावा हात कोपरात मुडपून मूठ वळलेला राहिला. मॅडमनी फोनवर सांगितलं की रोज तेल लावून बोटं हळूहळू उघडत जा. त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

मी शेवटची तिला पाहिली ती एका दुपारी. शबाना मागं धुणं धूत होती. घरात चाची भिंतीला टेकून बसली होती आणि ती बांगड्यांची पेटी तिच्या उजव्या बाजूला उघडी होती. मी आलेलं तिला कळलं की नाही कोण जाणे. ती कामात होती. तिनं उजव्या हातानं स्वतःची डावी मूठ मांडीवर घेतली होती आणि ती दाबत होती, अंगठ्याखाली, मग बोटांच्या बुडाशी, पुन्हा अंगठ्याखाली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ बसले तेव्हा ऐकू आलं.

"सैल सोड. सैल सोड, बाई. मी हाय न्हवं."

तो हात तिला कुणाचा वाटत होता ते मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत ती मूठ थोडी थोडी उलगडत गेली. चाचीनं पेटीतली एक हिरवी बांगडी काढली, एका हातानंच ती बोटांवरून पुढं सारली, दाबली, थांबली, पुन्हा दाबली. बांगडी मनगटात गेली. कितीतरी वर्षांनी त्या हातात काच आली होती.

मग तिनं पदराला हात पुसला आणि वाट बघत बसली. बांगडी भरून झाली की पाया पडायचं असतं. तो हात मांडीवर तसाच पडून राहिला. चाची त्याच्याकडं बघत होती आणि पुन्हा पुन्हा पाय थोडे पुढं करत होती.

यजमान गेल्यापासून मी बांगड्यांसाठी कुणाच्या पाया पडले नव्हते. मी उठले, तिच्या समोर आले आणि त्या हातासाठी वाकले.